एकाच बागेत दोघे चालतो, पण माझी साखर तेवढी उतरत नाही

लोकमान्यनगरकर

नमस्कार. आम्ही उभयता इंदूरच्या लोकमान्य नगरात राहतो आणि दोघांनाही प्रकार २ चा मधुमेह आहे. माझे वय ५४, यजमानांचे ५८. दिवाळीनंतर आम्ही रोज सकाळी घराजवळच्या बागेत पाऊण तास चालण्यास सुरुवात केली आणि थंडी सरेपर्यंत त्यात फारसा खंड पडू दिला नाही. त्यानंतरच्या तपासणीत यजमानांचे एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ८.४ वरून ७.३ वर आलेले दिसले व वजनही चार किलोंनी उतरले. माझे ७.८ होते, ते ७.६ झाले, वजनाचा काटा जागेवरून हललेला नाही.

घरात स्वयंपाक एकच होतो. रविवारची पोहे-जिलबी आम्ही दोघांनीही सोडली आहे आणि शेवेचा डबा माळ्यावर गेला आहे (इंदूरच्या घरात ही केवढी गोष्ट आहे, हे येथील लोकांना सांगावयास नको). म्हणजे आहारात फरक नाही आणि चालण्याची वेळही एकच आहे, तरी निकाल वेगळा आला.

बागेतल्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे, की पाळी गेल्यानंतर बायकांच्या शरीरावर व्यायामाचा काही परिणाम होतच नाही. दुसरी सांगते, की दिवसभर घरकाम करणाऱ्या बाईला वेगळ्या व्यायामाची गरजच नसते. मला दोन्ही मते पटत नाहीत, पण ती खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. मधुमेह असलेल्या स्त्री-पुरुषांवर व्यायामाचा परिणाम खरोखर वेगवेगळा होतो का? होत असेल, तर मी नेमके काय बदलावे? मला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि थायरॉईडची गोळी चालू आहे. जिना चढताना गुडघे दुखतात. इतर तक्रार नाही.

शरीरक्रियेचा मास्तर

ताई, मी अनेक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ते घेऊ शकत नाही, हे आरंभीच सांगतो.

पहिल्या मैत्रिणीचे म्हणणे निराधार आहे. स्नायू आकुंचन पावू लागला, की त्याच्या पेशींच्या आत असलेली ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातील ग्लुकोज आत ओढून घेतात. या क्रियेला इन्सुलिनची गरज लागत नाही. प्रकार २ मध्ये बिघडलेला असतो तो इन्सुलिनच्या संदेशाचा मार्ग; आकुंचनाचा मार्ग बव्हंशी शाबूत राहतो, आणि तो पुरुषांत जसा चालतो तसाच स्त्रियांतही चालतो, पाळी येत असताना चालतो आणि ती थांबल्यावरही चालतो. व्यायाम संपल्यानंतर स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी प्रतिसादक्षमता साधारण २४ ते ७२ तास वाढलेली राहते. सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असे जे सांगतात त्यामागचे कारण हेच आहे.

वजन हलले नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, हाही समज सोडून द्यावा. २००१ साली त्या वेळपर्यंतच्या नियंत्रित चाचण्या एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात व्यायाम करणाऱ्या मधुमेहींचे एचबीए१सी इतरांपेक्षा सुमारे ०.६६ ने खाली आलेले होते, मात्र दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. वजनकाटा आणि साखर यांची अशी फारकत संशोधनात नित्याची आहे. या प्रकारच्या बहुतेक चाचण्यांत स्त्री-पुरुष दोघेही होते आणि साखर उतरण्याच्या बाबतीत स्त्रिया मागे पडतात, असा ठाम निष्कर्ष त्यांतून निघालेला नाही.

मग फरक नाहीच का? आहे, पण तो मैत्रीण म्हणते त्या ठिकाणी नाही. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या ग्लुकोजपैकी मोठा वाटा स्नायू उचलतात आणि ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. स्नायू ही धान्याची कोठी मानली, तर सरासरी स्त्रीची कोठी सरासरी पुरुषापेक्षा लहान असते, आणि पन्नाशीनंतर काही केले नाही तर ती दरवर्षी थोडी थोडी आक्रसत जाते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटात साचू लागते, तेव्हा अडचण दुहेरी होते. यात आपली भारतीय शरीरयष्टी भर घालते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते, की दोघांचा देहभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) २२.३ असा एकच असूनही एकाच्या शरीरात चरबी ९ टक्के होती आणि दुसऱ्याच्या शरीरात २१ टक्के. अधिक चरबी कोणाची होती, हे सांगावयास नको. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर पाहावा; आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

आता चालण्याबद्दल. सपाट रस्त्यावर चालताना खर्च होणारी ऊर्जा ढोबळमानाने शरीराच्या वजनाच्या प्रमाणात असते. यजमान ७८ किलोंचे आणि आपण ५८ किलोंच्या असाल, असे उदाहरणादाखल धरू. मग त्याच वेगाने, तेवढाच वेळ चालूनही आपला खर्च त्यांच्यापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी होईल. अमेरिकेत मधुमेह नसलेल्या स्थूल तरुण-तरुणींवर केलेला सोळा महिन्यांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या पुरुषांचे वजन उतरले, स्त्रियांचे जेथल्या तेथे राहिले; मात्र व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांचे त्याच काळात वाढले होते, ही गोष्ट सांगताना पुष्कळदा गाळली जाते. व्यायामाच्या एका बैठकीत पुरुष सरासरी ६६८ किलोकॅलरी खर्च करीत होते आणि स्त्रिया ४३९. त्याच संशोधकांनी पुढे, २०१३ मध्ये, दोघांनाही समान किलोकॅलरी खर्च होईपर्यंत व्यायाम करावयास लावला, तेव्हा वजनातील हा स्त्री-पुरुष भेद उरला नाही. मला हा दोन अभ्यासांचा जोड फार बोलका वाटतो: पहिल्यात जो शरीराचा भेद वाटला, तो पुष्कळसा मात्रेचा भेद होता.

आपल्याला मला तीन गोष्टी विचारावयाच्या आहेत. बागेत आपण दोघे एकाच वेगाने चालता का? दिवाळीच्या सुमारास यजमानांच्या औषधांत काही बदल झाला होता का? आणि आपले हिमोग्लोबिन किती आहे?

तिलकनगरचा रहिवासी

मास्तरांनी योगासनांचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरी दोन पिढ्या सूर्यनमस्कार आणि प्राणायाम चालू आहेत. चालणे हे गुडघे झिजवणारे काम असून, विशेषतः स्त्रियांनी ते सोडून योगासनेच करावीत, असे माझे मत आहे.

लोकमान्यनगरकर

मास्तर, आपण विचारले म्हणून दोघांच्या फायली काढून बसले. यजमानांना दिवाळीच्या आधीच्या भेटीत मेटफॉर्मिनसोबत डापाग्लिफ्लोझिन सुरू झाले आहे. माझ्या औषधांत बदल नाही. माझे हिमोग्लोबिन १०.२ आहे, लोहाच्या गोळ्या लिहून दिलेल्या आहेत, पण त्या पोटाला सोसत नाहीत म्हणून अधूनमधून सुटतात.

चालण्याचे म्हणाल तर यजमान पुढे निघून जातात. त्यांच्या पाच फेऱ्या होतात तेव्हा माझ्या जेमतेम तीन झालेल्या असतात, कारण आम्ही चौघी-पाचजणी बरोबर असतो आणि गप्पांना खळ नसतो.

शरीरक्रियेचा मास्तर

मग या दोन अहवालांवरून स्त्री आणि पुरुष यांच्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. डापाग्लिफ्लोझिन मूत्रावाटे ग्लुकोज बाहेर टाकते. अशा औषधांनी एचबीए१सी साधारण अर्ध्या ते पाऊण अंकाने आणि वजन दोन-तीन किलोंनी उतरणे हे अपेक्षितच असते. यजमानांच्या सुधारणेतला मोठा वाटा त्या गोळीचा असण्याची शक्यता आहे. त्यांच्या चालण्याचे श्रेय मी काढून घेत नाही, पण सगळे श्रेय चालण्याला देता येणार नाही. शिवाय ज्याची साखर मुळात अधिक असते तिची घसरणही अधिक दिसते, ८.४ आणि ७.८ यांची सुरुवात सारखी नव्हे.

हिमोग्लोबिनचा मुद्दा आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत फार वेळा नजरेआड होतो. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेला असेल, तर एचबीए१सी प्रत्यक्ष साखरेच्या मानाने थोडे चढे दिसू शकते, आणि लोह भरून निघाल्यावर ते उतरते. थायरॉईडची कमतरता आटोक्यात नसली तरीही असे घडू शकते. म्हणून काही दिवस उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहून नोंदवून ठेवा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. पोटाला सोसेल असे दुसरे लोहाचे औषध मिळते. गोळी आपणहून सोडण्यापेक्षा बदलून मागावी. रक्तक्षयात दम लवकर लागतो, त्यामुळे चालण्याचा वेगही आपोआप मंदावतो, हेही ध्यानात घ्यावे.

तिलकनगरकर, सूर्यनमस्कार वेगाने घातले तर हृदयाची गती चांगली वाढते आणि खांद्या-पायांवर भारही पडतो. त्यांना माझा आक्षेप नाही. प्राणायामाने मन निवत असेल तर तोही करावा. पण प्राणायामात मोठे स्नायू काम करीत नाहीत, आणि ग्लुकोज उचलण्याचे काम त्यांचेच आहे. सपाट जमिनीवर योग्य पादत्राणे घालून चालल्याने गुडघे झिजतात, हे मला मान्य नाही.

राजेंद्रनगरची फिजिओ

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे गुडघेदुखी किंवा आखडलेला खांदा घेऊन येणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेही स्त्रिया पुष्कळ असतात. मास्तरांनी कोठी दाखवली. ती वाढवायची कशी, एवढ्यापुरते मी लिहिते.

आपल्या प्रश्नातली उणीव मला चालण्यात दिसत नाही. ती दिसते ती स्नायूंना भार देणाऱ्या व्यायामाच्या अभावात. कॅनडात २५१ मधुमेही स्त्री-पुरुषांवर झालेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत केवळ चालणे-सायकल यांसारखा व्यायाम करणाऱ्यांचे एचबीए१सी सुमारे ०.५ ने, केवळ भाराचा व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे ०.४ ने उतरले आणि दोन्ही करणाऱ्यांचे जवळजवळ १ ने. अमेरिकेतील २०१० च्या चाचणीत २६२ जण होते, त्यांत स्त्रिया निम्म्याहून बऱ्याच अधिक. तेथेही एचबीए१सी लक्षणीय उतरले ते फक्त दोन्ही व्यायाम एकत्र करणाऱ्या गटाचे. दुसऱ्या चाचणीत एकत्र करणाऱ्यांना जादा वेळ दिलेला नव्हता, तोच वेळ दोहोंत वाटून दिला होता. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी सांगते, की पाऊण तासातला काही भाग चालण्यातून काढून भाराला द्या.

भार म्हटला, की बहुतेकींच्या डोळ्यांसमोर व्यायामशाळा उभी राहते आणि मग 'दंड पुरुषांसारखे होतील' ही भीती. पन्नाशीनंतरच्या स्त्रीच्या शरीरात तसे दंड होण्याजोगे संप्रेरकच नसते. उलट असलेले स्नायू टिकवणे हेच मोठे काम असते. घरी हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला तळवे टेकून जोर काढणे, पायरीवर टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या हातात धरून कोपरातून वाकवणे आणि रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून मागे ओढणे, एवढ्याने सुरुवात होते. प्रत्येक प्रकार दहा ते पंधरा वेळा, थोडे थांबून पुन्हा तेवढाच, आणि आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मधे एक दिवस मोकळा ठेवून. शेवटच्या दोन-तीन वेळा करताना कष्ट जाणवले पाहिजेत. ते जाणवेनासे झाले, की बाटलीऐवजी दोन किलोंची पिशवी घ्यावयाची. जोर लावताना श्वास सोडावा, कोंडून धरू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

गुडघ्यांसाठी वेगळे काही शोधण्याची गरज नाही. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला, की जिना चढतानाची कुरकुर बहुधा कमी होते. आरंभी खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करावी, म्हणजे गुडघा फार वाकत नाही.

आता घरकामाविषयी. 'घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे' हे दवाखान्यात सर्रास ऐकवले जाणारे वाक्य मला अर्धेच पटते. केर काढणे, वाळत घालणे, ओटा आवरणे यांत हालचाल हलकी असली, तरी तिने बसून राहण्यात खंड पडतो, आणि दर अर्ध्या तासाने उठून तीन मिनिटे हलके चालणे किंवा उठाबशा यांनी मधुमेहींची जेवणानंतरची साखर कमी राहते, हे तपासून पाहिलेले आहे. घरातल्या बाईला ही गोष्ट आपोआप घडते; दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्या पुरुषाला नाही. पण घरकामात दम लागत नाही आणि भारही वाढत जात नाही, म्हणून हृदयाची क्षमता व स्नायू त्यावर भागत नाहीत. आठवड्याला किमान १५० मिनिटे अशी मध्यम दमाची हालचाल हवी, की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. तुमच्या बागेतल्या गप्पा खंड न पडता चालतात, म्हणजे वेग कमी आहे! मिनिटाला साधारण शंभर पावले पडू लागली, की मध्यम वेग आला असे समजावे. पहिल्या दोन फेऱ्या एकटीने वेगात घाला आणि तिसरी मैत्रिणींबरोबर.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. मधुमेह आणि हृदयविकार यांचे नाते स्त्रियांत अधिक घट्ट असते. साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१४ मध्ये झालेल्या विश्लेषणात दिसले, की मधुमेहाने हृदयरोहिणीच्या विकाराचा धोका जितक्या पटीने वाढतो, ती पट पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे ४४ टक्क्यांनी जास्त असते. म्हणजे हृदयाच्या अंगाने पाहिले तर व्यायामाची निकड तुमची अधिक आहे. तरीही २०२२ मध्ये भारतातल्या सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रिया पुरेशी हालचाल न करणाऱ्यांत मोडत होत्या, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. कारणे सांगत बसत नाही. सकाळचे डबे कोण करते ते आपापल्या घरात पाहावे. मधुमेही स्त्रीला हृदयाचा त्रास होतो तेव्हा छातीत कळ येईलच असे नाही. चालताना नेहमीपेक्षा लवकर दम लागणे, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, मळमळ, विनाकारण थकवा यांपैकी काही नव्याने सुरू झाले, तर चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेग वाढवण्यापूर्वीही एकदा त्यांना विचारून घ्या.

पिपल्यापाल्याचा फिरस्ता

मी पुरुषांच्या बाजूने काही जोडतो. मला मधुमेहासाठी ग्लिमेपिराईड ही गोळी आहे, आणि ज्यांना हे किंवा ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड यांपैकी औषध किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी केवळ चहा घेऊन पहाटे लांबवर चालत निघू नये. केवळ मेटफॉर्मिनवर साखर एकदम खाली जाण्याचा संभव फार कमी असतो. या औषधांवर तो खरा असतो, आणि दीर्घ व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही, साखर उतरू शकते. निघण्यापूर्वी ती ९० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन घ्यावे. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर असावी. थरथर, घाम, भोवळ यांपैकी काही जाणवले तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी घेणाऱ्यांना थरथर व धडधड कमी जाणवू शकते किंवा जाणवणारही नाही, घाम मात्र येतो. म्हणून ओळखीच्या माणसाबरोबर चालणे बरे.

डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी माळव्याच्या मे महिन्यात पाण्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण ते औषध मुळातच लघवी वाढवते. त्या औषधाने जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होण्याचा त्रास स्त्रियांत अधिक दिसतो. ताई, पुढे आपल्यालाही ते औषध सुचवले गेले तर हे माहीत असावे.

वेळेच्या बाबतीत एक गंमत आहे. सकाळी जोराचा व्यायाम केल्यावर साखर वाढलेली दिसली, तर घाबरू नये. जोराच्या व्यायामात ॲड्रेनलिनमुळे यकृत ग्लुकोज सोडते आणि पहाटे ती मात्रा तशीही अधिक असते. स्वीडनमधील २०१९ च्या एका चाचणीत जोरदार टप्प्याटप्प्याचा व्यायाम दुपारी केल्यावर साखर सकाळच्या मानाने अधिक चांगली राहिली, आणि तेव्हापासून 'सकाळी चालू नका' असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. त्या चाचणीत केवळ ११ जण होते आणि ते सगळे पुरुष. तिच्यावरून आपल्या पत्नीला किंवा आईला पहाटेच्या चालण्यापासून परावृत्त करणे हा आगाऊपणा झाला.

मला स्वतःला जेवणानंतरचे चालणे अधिक उपयोगी वाटते. न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेहींना काही काळ दिवसातून एकदा कधीही तीस मिनिटे आणि काही काळ प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालावयास लावले होते. जेवणानंतर चालण्याच्या काळात जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. रात्रीच्या चालण्याचा रस्ता सराफ्यातून, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातून, जाऊ नये, एवढे पथ्य इंदूरकराने पाळावे.

आणखी एक गोष्ट पुरुष बोलत नाहीत म्हणून लिहितो. मधुमेहात पुरुषांना लैंगिक दुर्बलता येण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि नियमित दमाच्या व्यायामाने रक्तवाहिन्या सुधारल्याने तीत फरक पडू शकतो. ही तक्रार हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असू शकते, त्यामुळे जाहिरातीतल्या भस्मांमागे न लागता डॉक्टरांना सांगावी. आणि चाळिशी-पन्नाशीत एकदम जड वजने उचलू पाहणाऱ्यांनी आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या झालेल्या असतील तर श्वास कोंडून जोर लावल्याने आत रक्तस्राव होऊ शकतो.

लोकमान्यनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यजमानांना हे सगळे वाचून दाखवले. गोळीचा वाटा ऐकून ते किंचित हिरमुसले, पण रात्री जेवणानंतर ओटा मी आवरायचा की त्यांनी, ही चर्चा मात्र त्यामुळे सुरू झाली.

फिजिओताई, दोन शंका आहेत. भाराच्या व्यायामाच्या दिवशी चालावे की नाही? आणि हिवाळ्यात मी बागेतल्या हिरवळीवर अनवाणी चालत असे, ते चालू ठेवावे का? डोळ्यांना चांगले असते म्हणतात.

राजेंद्रनगरची फिजिओ

भाराच्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतरचे दहा मिनिटांचे चालणे ठेवा, सकाळचे लांब चालणे नसले तरी हरकत नाही. आठवड्यात भाराचे दोन दिवस, वेगाने चालण्याचे चार दिवस आणि एक दिवस बागेत मनसोक्त गप्पा, अशी वाटणी आरंभी पुरे. तीन महिन्यांनी एचबीए१सी बरोबर हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासा, म्हणजे आकड्याचा अर्थ लावणे सोपे जाईल. कमरेचा घेर दर महिन्याला त्याच जागी, बेंबीच्या पातळीवर मोजा.

अनवाणी चालणे बंद करा. त्याचा डोळ्यांना उपयोग होत नाही, आणि मधुमेहात तळपायाची संवेदना कळत नकळत कमी होते, त्यामुळे काटा किंवा काच रुतलेली समजत नाही व जखम चिघळते. पुढे गोलसर व रुंद, तळ जाड पण मऊ असे बूट आणि सुती मोजे वापरा. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण तोपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात आणि माप नेमके मिळते. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे आरशात पाहा. संवेदनेची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. मऊ नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून ती दोन मिनिटांत होते आणि यजमानांचीही त्याच भेटीत होऊन जाईल.